मधल्या खोलीचं छत

थोरल्या सुनेने घमेलं उचललं, मागच्या दारातून पाणी फेकलं आणि घमेलं परत जागेवर आणून ठेवलं. खाट तिने कालच भिंतीकडे ओढून घेतली होती. वर फळ्यांच्या छतावरचा डाग रात्रीतून आणखी पसरला होता, मधे गडद आणि कडेला चहा सांडल्यासारखा. पाऊस सकाळीच थांबला होता, तरी फळ्यांच्या सांध्याला एक थेंब लोंबत होता, पडू की नको असं करत.

“पड बाबा एकदाचा,” ती म्हणाली, आणि तो पडला.

तिला हसू आलं. सासरे छपरांचे कारागीर, नवरा कौलांचा, दीर गच्च्यांचा, आणि घरात घमेलं. लोक दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिव्याखाली तळं झालं होतं.

एरवी तिने घमेल्याचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण या खोलीची वाट पाहत नाना पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पडून होते. उभा जन्म लोकांच्या छपरांवर चढले, कधी साधा पाय मुरगळला नाही, आणि न्हाणीघरातल्या ओल्या फरशीने त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काल घरी आले. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, न्हाणीघर जवळ हवं, मधे पायरी नको आणि ओल तर अजिबात नको, छाती आधीच भरलेली आहे. अशी खोली घरात एकच होती, ही मधली.

आणि ती दोन भावांच्या बरोबर मधे होती. आई गेल्यावर भावांनी धंदा वेगळा केला, तेव्हा कौलं आणि पत्रे थोरल्याकडे गेले, स्लॅब आणि गच्च्या धाकट्याकडे. घराचंही तसंच झालं. पुढची कौलारू बाजू थोरल्याची, मागची धाकट्याने बांधलेली स्लॅबची बाजू त्याची. मधली खोली नानांची, म्हणून तिच्या छताकडे दोघांनीही पाहिलं नाही.

“वहिनी,” दारातून नणंदेचा आवाज आला. “किती पाणी होतं?”

“थोडंसंच, वन्सं.” थोरलीने घमेलं पायाने खाटेखाली सरकवलं.

“सरकवू नकोस. मला दिसलंय.”

*

अक्का भावंडांत सर्वांत मोठी. मुख्याध्यापिका होती, त्यामुळे ती खोलीत आली की माणसं आपोआप सरळ बसत. आज रविवार होता, तिने सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं होतं. नाना दिवाणावर उशांना टेकून बसले होते. थोरला दाराला पाठ लावून उभा, धाकटा खिडकीपाशी. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. धाकटी सून तेवढी चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांमधून फिरत होती. ती गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे कुणी अचानक ब्रेक दाबला तरी तिच्या हातातला कप हलत नसे.

“हे बघा,” अक्का म्हणाली, “मला भांडण नकोय. खोली कोरडी होणार असेल तर नाना इथे राहतील. नसेल होणार तर मी उद्या त्यांना माझ्याकडे नेते. माझ्याकडे लिफ्ट आहे, खोली रिकामी आहे.”

“मी काय सामान आहे का उचलून न्यायला?” नाना म्हणाले.

“सामान बोलत नाही, नाना. तुम्ही बोलता. एवढाच फरक.”

धाकटी खुदकन हसली. नानाही हसणार होते, पण खोकला आला. 

“माझ्या बाजूने काही नाही,” थोरल्याने सुरुवात केली. “पावसाळ्याआधी मी अख्खं छप्पर चाळून घेतलंय. फुटकं कौल एक ठेवलं नाही. पाणी गच्चीवरून येतंय. स्लॅबवर साचतं, कठड्यातून झिरपतं आणि खोलीत उतरतं.”

“माझ्या गच्चीला उतार आहे,” धाकटा खिडकीबाहेर बघतच म्हणाला. “वाटी ठेवली तरी पाणी थांबणार नाही. ज्यांच्या घरात वर आभाळ दिसतं त्यांनी दुसऱ्याच्या स्लॅबला नावं ठेवू नयेत.”

“आभाळ कुणाच्या घरात दिसतं रे?”

“तुझ्या माळ्यावर दिसतं. पोरं तारे मोजतात.”

“तो काचेचा तुकडा मी उजेडासाठी बसवलाय!”

“दोघंही चुकताय,” नाना मधेच म्हणाले. त्यांचे डोळे एकदम चमकले. रुग्णालयातून आल्यापासून अक्काने त्यांना इतकं जिवंत पाहिलं नव्हतं. “पाणी जिथे पडतं तिथे कधीच शिरत नाही. ते वाशाला धरून चालत येतं. आढ्यावरच्या कोन्यांचं सिमेंट सुटलंय, मी इथून सांगतो. तिथून शिरतं, वाशावरून खाली येतं आणि खोलीत थेंब होऊन पडतं. लिहून घ्या.”

कोने म्हणजे छपराच्या अगदी माथ्यावर बसवलेली कौलं. थोरल्याने ती मागच्याच वर्षी बसवली होती. त्याचा चेहरा पडला.

धाकट्याला वडिलांनी आपली बाजू घेतल्यासारखं वाटलं. “बघ,” तो म्हणाला.

“बघ काय? अरे, नाना कठड्याबद्दल काही बोललेच नाहीत, याचा अर्थ तुझा कठडा बरा आहे असा होत नाही.”

“मग वर चढून बघून या ना दोघंही,” अक्का म्हणाली.

 थोरला म्हणाला, माझा माणूस आज सुट्टीवर आहे. धाकटा म्हणाला, मला एका गच्चीचं काम दाखवायला जायचंय. अक्काच्या लक्षात आलं. जो आधी वर चढेल त्याने दोष आपला असल्याची कबुली दिली असं होणार होतं. शाळेत दोन मुलं फुटलेल्या काचेसमोर उभी राहायची ती अगदी अशीच. फक्त यांच्या मिशा पिकल्या होत्या.

तिने पिशवी घेतली आणि नानांचे कपडे घड्या करून भरायला लागली. मनातून तिला वाईट वाटत होतं आणि थोडं बरंही. मुलं नोकरीला लांब गेल्यापासून तिच्या घरात संध्याकाळी कुणाचा खोकला नव्हता, की कुणाचं “चहा टाक” नव्हतं. नाना आले असते तर हवे होते. पण ते पिशवीकडे पाहत होते आणि काहीच बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. मुलीला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते गप्प होते.

*

स्वयंपाकघरात धाकटीने कप विसळायला घेतले. थोरली शेजारी उभी राहून पुसत होती. भाऊ वेगळे झाले तशा जावाही अंगणात रेघ ओढल्यासारख्या वागायला लागल्या होत्या. भांडण काही नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

“जाऊबाई,” धाकटी हळूच म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं, कुठे मुरतंय पाणी?”

“मला काय कळतं त्यातलं? आमचे हे म्हणतात गच्चीवरून.”

“आणि आमचे म्हणतात कौलातून. पण बघितलंय कुणी?”

थोरलीने कप खाली ठेवला. “बघितलं कुणीच नाही.”

“गाडीतून टकटक आवाज आला की आम्ही काय करतो? एकेक चाक तपासत जातो. नळी आहे ना तुमच्याकडे, बागेतली?”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. “तू वर चढणार?”

“मी वर, तुम्ही खाली खोलीत. एका ठिकाणी पाणी सोडायचं, थांबायचं, खाली आलं नाही की पुढची जागा. सगळीकडे एकदम ओतलं तर कळणार कसं?”

“तुझे ते ओरडतील.”

“ते काम दाखवायला चाललेत ना.”

थोरलीच्या ओठांवर आलेलं हसू तिला आवरता आलं नाही. तिने पदर खोचला आणि नळी आणायला गेली.

पुढच्या खोलीतून नानांना शिडीचा आवाज ओळखू आला. “कोण चढतंय?” त्यांनी हाक मारली. “कौलाच्या मधोमध पाय देऊ नका! एकावर एक चढतात ना कौलं, त्या जोडावर द्या!”

“हो नाना!” धाकटीचा आवाज वरून आला.

“ही बाई वर गेली?” नाना अक्काला म्हणाले. त्यांनी उशी मागे सारली आणि ताठ बसले. “वॉकर दे. मला मधल्या खोलीत बसायचंय.”

*

गच्चीवरून धाकटीला आधी लांबपर्यंतची छपरंच दिसली, पत्र्याची, कौलांची, सपाट, आणि मधे सुकत घातलेले कपडे. ऊन पडलं होतं. तिने आधी नवऱ्याच्या गच्चीवर पाणी सोडलं. ते सरसर वाहत कोपऱ्यातल्या, पाणी खाली उतरायच्या नळाकडे गेलं. तिने थांबून हाक मारली.

“आलं का?”

“नाही!” खालून थोरली.

“कोरडं ठणठणीत!” हा आवाज नानांचा. ते मधल्या खोलीत खुर्चीवर बसून वर पाहत होते. अक्का त्यांच्या मागे उभी होती.

मग तिने कठड्यावर पाणी मारलं, सांध्यात, आतून, बाहेरून. काही नाही. कौलांवर ती बसून सरकत गेली, खालून वर, एकेक ओळ भिजवत. शेवटी माथ्यावरच्या कोन्यांवर पोचली आणि तिथे चांगला वेळ पाणी सोडलं.

“आता येईल बघा,” खाली नाना म्हणाले.

आलं नाही.

“थोडं थांब. वाशावरून यायला वेळ लागतो.”

तरीही आलं नाही. नानांनी अक्काकडे पाहिलं नाही. “कोने चांगले बसवलेत म्हणायचे,” ते पुटपुटले. दाराशी थोरला येऊन उभा होता. नळीचा आवाज ऐकून तो आत आला होता. ते वाक्य त्याच्या कानावर पडलं. वडिलांच्या तोंडून कौतुक ऐकायची सवय नसल्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

वर धाकटीने नळ बंद करायला सांगितला. ती गच्चीवर परत आली, कठड्याला टेकली आणि घाम पुसू लागली. सगळी जागा भिजवून झाली होती, आणि गळती काही सापडली नव्हती. खाली उतरून नवऱ्याच्या “सांगत होतो ना” ला काय उत्तर द्यायचं याचा ती विचार करत होती, तेवढ्यात खालून थोरली किंचाळली.

“आलं! अगं, आलं!”

“नळ बंद आहे!”

“बंद असू दे! धार लागलीये!”

नळ बंद, पाऊस नाही, आणि पाणी येतंय. धाकटीने आजूबाजूला पाहिलं. एवढं सगळं पाणी ओतलं ते गेलं कुठे? ती कठड्यावरून पलीकडे वाकली. कौलारू छपराची उतरती कड आणि गच्चीचा कठडा यांच्यामधे, बरोबर मधल्या खोलीच्या वर, पत्र्याची पन्हळ होती. कौलांवरचं पाणी त्यात पडायचं आणि टोकाला असलेल्या भोकातून खाली जायचं. सकाळपासून झिरपून थोडी उतरलेली ती पन्हळ आता परत काठोकाठ भरली होती. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. वर वाळकी पानं आणि एक पीस तरंगत होतं. आणि कौलांच्या बाजूला पत्र्याची कड खाली वाकली होती, तिथून पाणी निमूटपणे आत जात होतं.

“अहो, इकडे या दोघं!” ती ओरडली. “कुणाची आहे ही पन्हळ?”

*

थोरला कौलांच्या बाजूने चढला, धाकटा गच्चीवरून आला. त्याला काम दाखवायला जायचं होतं, ते तो विसरला होता. दोघं पन्हळीच्या दोन काठांवर उकिडवे बसले.

“ही तुझ्याकडे होती ना?” थोरला म्हणाला.

“माझ्याकडे? गच्चीचं पाणी गच्चीच्या नळातून जातं. हिच्यात कौलांचं पाणी येतं. ही तुझी.”

“अरे, पण ही तुझ्या कठड्याला लागून आहे.”

“आणि तुझ्या कौलांखाली.”

 धाकट्याने बाही वर केली आणि गढूळ पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. भोकाशी चाचपडत त्याने आधी कुजलेल्या पानांचा गोळा बाहेर काढला, मग एक बोटभर जाड कौलाची खापरी, मग आणखी एक. त्याने त्या भावासमोर ठेवल्या.

थोरल्याने त्या उचलून पाहिल्या. पावसाळ्याआधी चाळताना त्यानेच फुटकी कौलं काढली होती. तुकडे कुठे पडले ते कुणी पाहिलं?

“काढ अजून,” तो म्हणाला.

धाकट्याने परत हात घातला, जोर लावला, आणि मुठीएवढा सिमेंटचा घट्ट गोळा वर आला. भोकाच्या तोंडाचाच आकार घेऊन तो बसला होता. त्याच क्षणी पन्हळीतलं पाणी गुडगुड करत फिरलं आणि खाली धावलं.

धाकट्याने गोळा हातात फिरवला. कठड्याचं प्लास्टर केलं तेव्हाचा. त्याने तोही खापऱ्यांच्या शेजारी ठेवला.

“निम्मं तुझं, निम्मं माझं,” तो म्हणाला.

“तुझं जरा जास्त आहे,” थोरला म्हणाला. “वजन कर हवं तर.”

धाकट्याला आधी राग आला, मग तो हसायला लागला. थोरलाही हसला. ते दोघं शेवटचे एकत्र कधी हसले होते हे त्यांच्यापैकी कुणालाच आठवलं नसतं. कठड्याशी उभी असलेली धाकटी तोंडावर हात धरून खाली बघत राहिली. आपण मधे बोललो तर बिघडेल, असं तिला वाटलं.

आता भोक मोकळं झालं होतं, पण वाकलेल्या कडेचं काम बाकी होतं. पाऊस जोराचा आला की पाणी परत तिथूनच शिरणार. थोरल्याने कौलं उचलून खाली पाहिलं. “पत्रा खालून सडलाय. बदलायलाच हवा. माझ्याकडे नवा आहे, उंच काठाचा. माझ्या बाजूची कड कौलांखाली चांगली वीतभर चढवतो.”

“आणि माझ्या बाजूची?”

“तुझ्या बाजूची मी कशी करणार? कठडा कोरून त्यात कड बसवायला लागेल आणि वरून भरायला लागेल. ते तुझं काम.”

“मग दोघांनी एकाच वेळी करायला लागेल,” धाकटा म्हणाला. “एकाने धरायचं, दुसऱ्याने बसवायचं.”

“तेच म्हणतोय.”

“भोकावर जाळी लावू. पानं अडतील.”

“लाव. पण जाळी साफ कोण करणार?”

तेवढ्यात खालून नानांचा आवाज आला. “अरे, किती वेळ? काय सापडलं?”

“तुमचा काही संबंध नाही, नाना!” धाकटा ओरडला. “आमचं आम्ही बघतो!”

खाली नाना खूश झाले. त्यांनी अक्काला सांगितलं, “ऐकलंस? ‘आमचं’ म्हणाला.”

*

दुपारचं जेवण वरच गेलं. थोरलीने दोन ताटं दोन घरांतून न भरता एकाच स्वयंपाकघरातून भरली. सगळेच घाईत होते, म्हणून त्यावर कुणी काही बोललं नाही. धाकट्याने छिन्नीने कठडा कोरला, थोरल्याने पत्रा वाकवून दिला. एकदा पत्र्याची कड उलटी वाकली. त्यावरून दोघांचं थोडं वाजलंही, पण ते कामातलं वाजणं होतं. कामातलं भांडण आणि घरातलं भांडण वेगळं असतं, हे खाली बसलेल्या नानांना आवाजावरून कळत होतं. त्यांनी आयुष्यभर छपरांवर माणसांना भांडताना ऐकलं होतं.

दरम्यान थोरलीने मधल्या खोलीत पंखा लावला. ओल्या फळ्या कापडाने टिपून घेतल्या. अक्काने खिडकी उघडली.

“वन्सं,” थोरली म्हणाली, “ही पिशवी कुठे ठेवू?”

 अक्काने स्वतःच पिशवीची चेन उघडली आणि नानांचे सदरे एकेक करून कपाटात लावले. “पण हिवाळ्यात यायचं,” ती नानांना म्हणाली. “हे मी विचारत नाहीये.”

“हिवाळ्यात मी स्वतःच्या पायांनी येतो,” नाना म्हणाले. “तुझ्या लिफ्टला काय भीक घालतो मी. जिना चढीन.”

“चौथा मजला आहे.”

“मग लिफ्टने.”

पाऊस दिवेलागणीच्या आधी आला. आधी वारा सुटला, मग थेंब कौलांवर वाजायला लागले, आणि बघता बघता धो धो सुरू झाला. नाना मधल्या खोलीत खाटेवर पडले होते. खाट परत मधोमध आणली होती. ते वर फळ्यांकडे पाहत होते.

आधी थोरली आली. पाण्याचा तांब्या ठेवायला म्हणून आली, ठेवला, आणि वर पाहत उभी राहिली. मग धाकटी आली. पंखा बंद करायचा होता म्हणाली, पण तिने बंद केला नाही. थोरला दारात येऊन म्हणाला, “नाना, औषध घेतलंत?” औषध अक्काने त्याच्या डोळ्यांदेखत दिलं होतं. शेवटी धाकटा आला, त्याला तर काही निमित्तच सुचलं नव्हतं. अक्का त्याच्या मागोमाग आली आणि कपाटाला टेकली. पाऊस आणखी वाढला. पाचही जण मान मागे टाकून छताकडे बघत होते, आणि छत कोरडं होतं.

“छत बघायला आलात की मला?” नाना म्हणाले.

“दोन्ही,” धाकटी म्हणाली.

“मग खाली बसा. उभ्याने बघितलं की मान धरते. मी सांगतो ना, जन्मभर तेच केलंय.”

थोरलीने चटई अंथरली. आधी ती बसली, मग धाकटी तिच्या शेजारी. थोरला नको नको म्हणत बसला आणि थोड्या वेळाने सरळ पाठीवर आडवा झाला. धाकट्याने भावाच्या दंडावर डोकं टेकलं. लहानपणी माळ्यावर झोपताना तो तसंच टेकायचा. थोरल्याने हात काढून घेतला नाही. वर पन्हळीतून पाणी खळाळत चाललं होतं, त्याचा आवाज खोलीत येत होता.

“जाळी मी साफ करीन,” काही वेळाने थोरला म्हणाला.

“नको. एक महिना तू, एक महिना मी,” धाकटा म्हणाला.

“आणि विसरलात तर?” अक्काने विचारलं.

“तर मी आहे ना इथे,” नाना म्हणाले. “खाली झोपलोय.”